उलट्या यंत्रांची हजेरी

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात खोल्या दोन आणि माणूस एक. पुढच्या खोलीत माणूस राहतो, मागच्या खोलीत दोन जुनी संगणकयंत्रं. मागची खोली कायम उबदार असते, म्हणून ओले कपडे तिथल्याच दोरीवर वाळतात. यंत्रांच्या पंख्यांची घरघर अशी, की खालच्या मजल्यावरच्या बाईंना बरीच वर्षं वाटत होतं, वर पिठाची गिरणी आहे. एकदा त्या दळणाचा डबा घेऊन वर आल्यासुद्धा होत्या असं त्याची ताई सांगते, पण ताईच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं.

त्याला मुंगळा म्हणतात. नाव ताईनंच लहानपणी ठेवलेलं. एखाद्या गोष्टीला चिकटला की तुटेल पण सुटणार नाही, म्हणून. पुढे इंटरनेटवर काहीतरी नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याला दुसरं सुचलं नाही. आता वय पन्नाशीच्या पुढे गेलं आहे, कानांवरचे केस पांढरे झाले आहेत, आणि देशोदेशींचे काही लोक त्याला मुंगळा म्हणूनच ओळखतात. ओळखतात म्हणजे त्यांनी नाव वाचलेलं असतं. भेटलेलं त्यातलं कुणी नाही.

पोटापाण्यासाठी तो एका मोठ्या कार्यालयाच्या संगणक विभागात आहे. कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचा पडदा काळा पडला, की त्याच्या टेबलावरचा फोन वाजतो. लोक कामापुरतं गोड बोलतात आणि काम झालं की फोन ठेवतात. त्याची त्याबद्दल तक्रार नाही. त्याचं खरं काम घरी असतं, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी. त्या कामाचा पगार मिळत नाही. भाऊजी त्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात.

काम असं. ठिकठिकाणचे हौशी आणि जाणकार लोक मिळून फुकट वाटायची एक संगणकप्रणाली तयार करतात. तिच्यात हजारो लायब्ररी असतात. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला पुन्हा पुन्हा लागणारी, कुणीतरी आधीच करून ठेवलेली कामं. एक लायब्ररी फोटो उघडून देते, दुसरी पडद्यावर अक्षरं काढते, तिसरी फाइल दाबून लहान करते. ज्यानं ती लिहिली त्यानं माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असते, आणि यंत्राला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवावी लागते. याला कंपाइल करणं म्हणतात. मग तिला आणखी कोणकोणत्या लायब्ररींची गरज आहे ते वर लिहून, कुणालाही एका फटक्यात बसवता येईल अशी तिची पुडी बांधावी लागते. भानगड अशी की सगळ्या यंत्रांची घडण सारखी नसते. शिंप्यानं एकाच मापाचे कपडे शिवून गावभर वाटले तर जे होईल तेच इथे होतं. प्रत्येक घडणीसाठी तेच कापड पुन्हा बेतायचं आणि पुन्हा शिवायचं.

मुंगळ्याच्या वाट्याची घडण जुनी आणि उलटी. आपण लिहिताना दोन आधी लिहितो आणि पाच नंतर; बोलताना मात्र पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी. यंत्रांमध्येही असे दोन पंथ आहेत. आजची जवळपास सगळी यंत्रं आकड्याचं धाकटं टोक आधी ठेवतात. मुंगळ्याची यंत्रं थोरलं टोक आधी ठेवतात. आजच्या माणसानं आजच्या यंत्रावर लिहिलेली लायब्ररी तिथे पोचली की निळ्या आभाळाचा फोटो नारिंगी दिसतो. मुंगळा चूक शोधतो, दुरुस्ती लिहितो आणि मूळ लेखकाला पाठवतो. लेखकाचं उत्तर ठरलेलं: "माझ्याकडे तर चालतंय." मुंगळा पुन्हा लिहितो. पुन्हा तेच उत्तर. शेवटी लेखक कंटाळून दुरुस्ती घेतो आणि आभार मानायचं विसरतो.

या घडणीची यंत्रं बनणं कधीच थांबलं आहे. मुंगळ्याकडे दोन आहेत. एक उभं आणि रुंद, त्याचं नाव कपाट. दुसरं आडवं, त्याचं नाव ट्रंक. दोन्ही त्यानं बंद पडलेल्या कचेऱ्यांमधून उचलून आणली, आणि आई गेल्यावर तिच्या खोलीत मांडली.

"आईच्या खोलीत इंजिनं ठेवलीस तू," ताई म्हणाली होती.

"आईला थंडी वाजायची," तो म्हणाला. "आता खोली गरम असते."

"आता असून काय उपयोग?"

रविवारी दुपारी तो ताईकडे जेवायला जातो आणि तिथे असे प्रश्न त्याच्या पाचवीला पुजलेले असतात. भाऊजी निवृत्त आहेत आणि त्यांना आठवड्यातून एक श्रोता लागतो. "लोक पुड्या सोडतात," पाहुण्यांना ते सांगतात, "आमचा मेहुणा पुड्या बांधतो." पाहुणे हसतात. मुंगळाही हसतो. दर वेळी हसतो.

आता हजेरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलं.

प्रणाली फुकट, घेणाऱ्यांची नोंद कुठेच नाही, मग ती कोण वापरतं हे कळायचं कसं? त्यासाठी प्रकल्पानं एक छोटा प्रोग्राम केला आहे. लोक त्याला हजेरी म्हणतात. ज्याच्या यंत्रावर तो बसवलेला असेल ते यंत्र बसवल्याबरोबर एकदा आणि मग दर आठवड्याला एकदा प्रकल्पाच्या दारात येऊन "आहे" म्हणतं आणि आपली घडण सांगतं. नाव नाही, गाव नाही. बसवताना यंत्र स्वतःसाठी एक वेडावाकडा क्रमांक निवडतं, तेवढीच ओळख. महिनाभर आलं नाही तर त्याला पटावरून कमी करतात. कोणत्या घडणीची किती यंत्रं हजर आहेत, तो आकडा एका पानावर सगळ्यांना दिसतो.

उलट्या घडणीच्या पुढे दोनशेच्या आसपासचा आकडा असायचा.

बाकीच्यांच्या लाखांपुढे तो म्हणजे दर्यात खसखस. पण मुंगळ्याला तो पुरे होता. सकाळी चहा गाळून झाला की तो ते पान उघडायचा. आकडा दोन-चारांनी खालीवर व्हायचा, आणि तो मनातल्या मनात म्हणायचा, दोघं नवीन आले. हळूहळू त्या दोनशेंना त्यानं चेहरे दिले. एक शाळामास्तर असणार, देणगीत आलेली यंत्रं मोडीत न काढणारा. एक छापखाना असणार, कारण छापखान्यात ही घडण पूर्वी पुष्कळ चालायची. एक म्हातारा असणार, ज्याला नवीन घ्यायचं जिवावर येतं. पुडी बांधून पाठवली की त्याला वाटायचं, आता मास्तर ती बसवतील. कुणाचं कधी पत्र आलं नाही, तक्रार आली नाही. याचा अर्थ त्यानं असा लावला होता की काम चोख चाललं आहे.

घरात तो बोलत नाही, कारण बोलायला कुणी नाही. भाजी चिरताना रेडिओही लावत नाही. पण आपल्या मागे दोनशे माणसं आहेत ही गोष्ट त्याच्या चालण्यात होती. कार्यालयातली मुलं त्याला बाजूला सारून जिना चढायची तेव्हासुद्धा होती.

प्रकल्पाचं व्यवस्थापन एक समिती पाहते आणि समितीची कामं एक बाई पाहतात. त्यांना सगळे मुकादम म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. मुंगळ्यानं त्यांना पाहिलेलं नाही, फक्त आवाज माहीत आहे: भराभर बोलणारा, मध्येच काहीतरी कुरकुरीत खाणारा. गेल्या वर्षी त्यांनी फोन केला.

"मुंगळेसाहेब, तुमच्या उलट्यांवर गदा येतेय बरं का."

"कुणाची?"

"सगळ्यांचीच. म्हणतात, एका माणसासाठी सगळ्यांनी किती थांबायचं? एखादी लायब्ररी तुमच्या यंत्रावर अडली की पूर्ण आवृत्ती अडते."

"एका माणसासाठी नाही," मुंगळा म्हणाला. "दोनशे आहेत."

"तेच तर मी सांगते त्यांना. तुमचे दोनशे आहेत म्हणून मी भांडतेय. नाहीतर कशाला भांडले असते? मला काय तुमच्या यंत्रांनी जेवायला घातलंय?"

पुढच्या आवृत्तीआधी मत घ्यायचं ठरलं. उलटी घडण ठेवायची की काढायची. मुंगळा जोमानं कामाला लागला.

मग त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, आणि तीन आठवडे त्याला ताईकडे राहावं लागलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ताईनं स्वतः येऊन कपाट आणि ट्रंक बंद करवली. "रिकाम्या घरात आग लागली तर कोण धावणार आहे? तुझे इंटरनेटवाले?" तीन आठवडे तिनं त्याला पडद्याला हात लावू दिला नाही. तो भाऊजींच्या गोष्टी ऐकत पडून राहिला. त्यातल्या बहुतेक त्याच होत्या.

घरी परतल्यावर त्यानं पहिल्यांदा यंत्रं चालू केली, मग खिडकी उघडली, मग हजेरीचं पान. आकडा पन्नासाच्याही खाली होता.

तो खुर्चीवर बसला. पोटावरचे टाके ओढले गेले तरी सरळ झाला नाही. आपण तीन आठवडे नव्हतो, पुड्या गेल्या नाहीत, लोकांनी वाट पाहिली आणि निघून गेले, इतकं सरळ त्याला ते दिसलं. मास्तर गेले. छापखाना गेला. दिलेला शब्द मोडल्यासारखा तो खजील झाला, खरं तर त्यानं कुणालाच काही शब्द दिलेला नव्हता. डॉक्टरांनी आणखी आठवडाभर विश्रांती सांगितली होती. त्यानं दुसऱ्या दिवसापासून साठलेल्या पुड्या बांधायला घेतल्या. दोन्ही यंत्रं दिवसभर तापू लागली, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होऊ लागले. आणि आकडा चढू लागला. आधी हळू, मग भराभर. साठलेलं काम जास्त होतं, त्यामुळे दोन आठवड्यांत तो पूर्वीच्या जवळ आला.

मुकादम बाईंचा फोन आला. तोंडात काहीतरी होतंच. "परत आले की हो तुमचे सगळे! मी परवा समितीसमोर आलेख ठेवला. म्हटलं, बघा, माणूस आजारी पडला तर लोक गेले, माणूस उठला तर लोक आले. याला निष्ठा म्हणतात, म्हटलं. तो तरुण पोरगा असतो ना, सारखा नाही-नाही करणारा, तोही गप्प बसला. बुधवारी मत आहे. निवांत राहा."

त्या रविवारी मुंगळा खरोखरच निवांत होता. ताईकडे जायला अवकाश होता. अक्षरं काढणाऱ्या लायब्ररीची पुडी बांधून झाली होती, पण तपासणीत अडत होती.

तपासणीची त्याची एक रीत आहे. बांधलेली पुडी आपल्या रोजच्या यंत्रावर चालली याला तो चालली म्हणत नाही, कारण रोजच्या यंत्रावर आधीचं हजार गोष्टींचं उष्टंखरकटं असतं. म्हणून कपाटाच्या पोटात तो दर वेळी एक तात्पुरतं, कोरं करकरीत यंत्र उभं करतो, त्यावर अख्खी प्रणाली पहिल्यापासून बसवतो, नवी पुडी चढवतो, सगळं नीट उठतं का पाहतो, आणि मग ते यंत्र पुसून टाकतो. पुढच्या पुडीला पुन्हा नवं. हा सगळा क्रम त्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी बसवला आहे. आता एक आज्ञा दिली की तो आपोआप होतो.

अक्षरांची लायब्ररी अडली, त्यानं एक ओळ बदलली आणि पुन्हा तपासणी लावली. पुन्हा अडली. पुन्हा एक ओळ. शेजारच्या खिडकीत हजेरीचं पान उघडं होतं. चार दिवस तो ते बंदच करत नव्हता. तपासणी संपली आणि आकडा एकानं वाढला. त्यानं मान डोलावली. पुढची तपासणी संपली आणि आकडा पुन्हा एकानं वाढला.

मुंगळ्यानं हात मांडीवर ठेवले आणि काहीच केलं नाही. चहा केला, प्यायला, कप विसळला. आकडा हलला नाही. त्यानं काही न बदलता तपासणी लावली. आकडा एकानं वाढला. त्यानं खात्री म्हणून पुन्हा लावली, आणि नंतर आणखी एकदा, कशासाठी ते त्याचं त्यालाच माहीत.

मग तो आपल्याच जुन्या आज्ञा उघडून वाचत बसला. मधोमध एक ओळ होती: हजेरी चालू. तिच्यावर त्याच्याच हातची टीप होती, की हजेरीचा प्रोग्राम उलट्या घडणीवर नीट चालतो का ते पाहण्यासाठी तात्पुरती चालू ठेवली आहे, नंतर बंद करावी. नंतर ती राहून गेली. तेव्हापासून कपाटाच्या पोटात उभं राहिलेलं प्रत्येक कोरं यंत्र स्वतःसाठी नवा क्रमांक निवडत होतं, प्रकल्पाच्या दारात जाऊन "आहे" म्हणत होतं, आणि परत येऊन पुसलं जात होतं. दिवसाला सहा-सात पुड्या, महिनाभर पटावर नाव. हिशेब मांडायला कागद लागत नव्हता.

त्यानं ती ओळ बंद केली. कपडे बदलले आणि ताईकडे जेवायला गेला.

जेवताना ताईनं दोनदा विचारलं, टाके दुखतायत का. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. सोपं करून सांगितलं, तरी भाऊजींना दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे," ताई शेवटी म्हणाली, "तूच हाका मारत होतास आणि तूच ओ देत होतास."

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

भाऊजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "कुणाच्या लक्षात आलंय?"

"नाही."

"येईल?"

"मी सांगितलं नाही तर नाही येणार."

"मग झालं तर! बुधवारी मत होऊ दे. तू काही मुद्दाम केलेलं नाहीस. गुपचूप ती ओळ पुन्हा चालू कर आणि बस आपल्या पुड्या बांधत. कुणाचं काय जातंय?"

हे भाऊजी वाईट हेतूनं बोलले नाहीत. पहिल्यांदाच ते त्याच्या कामाबद्दल गंभीरपणे बोलत होते.

"अहो, पण मग तो सकाळी उठून बघणार काय?" ताई म्हणाली. "स्वतःलाच?"

ताईनं त्याला न विचारता आणखी भात वाढला आणि त्यानं तो खाल्ला.

घरी येऊन त्यानं मुकादम बाईंना फोन लावला. आजवर फोन नेहमी त्यांचा यायचा, त्यामुळे त्यांनी आधी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" त्यानं सांगितलं, मधे न थांबता, एखाद्या बिघाडाची माहिती द्यावी तसं. पलीकडचं खाणं थांबलं.

"मग खरे किती आहेत?"

"माहीत नाही. महिनाभरानं कळेल, माझे सगळे पटावरून उतरले की."

"मत बुधवारी आहे."

"हो."

"हे तुम्ही गुरुवारी सांगू शकला असता."

"हो."

"अहो मुंगळेसाहेब, मी सगळ्यांसमोर निष्ठा म्हणाले हो!" त्या हसायला लागल्या, मनापासून आणि बराच वेळ. मग हसू ओसरलं. "आता मी भांडू कशाच्या जोरावर?" त्या म्हणाल्या.

"भांडू नका," मुंगळा म्हणाला.

बुधवारी उलटी घडण काढायचं ठरलं. विरोधात कुणी नव्हतं. चर्चेत कुणी त्याला खोटारडा म्हटलं नाही. उलट त्या नाही-नाही करणाऱ्या तरुणानं लिहिलं, की अशी चूक कुणाकडूनही होऊ शकते आणि मुंगळ्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. बाकीच्यांनी त्याखाली शाबासकीचे अंगठे टाकले. दुपारपर्यंत सगळे पुढच्या विषयाकडे वळले होते. मुंगळ्याला एखादी शिवी चालली असती.

निर्णयाचा अर्थ एवढाच होता की आता कुणी त्याच्यासाठी थांबणार नाही. हवं तर त्यानं आपल्या पुड्या आपल्या जागेवर, आपल्या जबाबदारीवर ठेवाव्यात. मुकादम बाईंनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, नव्या घडणीकडे हात कमी पडतायत, याल का? तिथे लाखोंनी लोक आहेत. त्यानं उत्तर दिलं, बघतो.

महिनाभर तो सकाळी पान उघडत राहिला. पहिले दोन आठवडे आकडा हलला नाही, कारण महिन्यापूर्वी तो ताईकडे पडून होता; मग तो रोज उतरू लागला, बादलीतून पाणी गळावं तसा. प्रत्येक सकाळी कमी झालेली नावं म्हणजे महिन्यापूर्वीच्या त्याच दिवशी बांधलेल्या पुड्या, हे आता त्याला कळत होतं. शेवटी आकडा थांबला. तीन.

त्यातलं एक कपाट, एक ट्रंक. दोघांनाही त्यानं पूर्वी खुशीनं पटावर घातलं होतं. त्यानं दोघांची हजेरी बंद केली. राहिलं एक.

पुढच्या रविवारी त्यानं ताईला विचारलं, "मी तुला ते जुनं मशीन दिलं होतं, ते अजून लावतेस का?"

"ते होय? ते गॅलरीत आहे. त्याच्यावर तुळशीशेजारची ती वेलाची कुंडी छान बसते."

म्हणजे ताई नव्हती. मग कोण? हजेरीत नाव नसतं, गाव नसतं; तशी ती मुद्दामच केलेली आहे आणि तसं असावं असं मुंगळ्याचंही मत होतं. आता पहिल्यांदाच त्याला ते गैरसोयीचं वाटलं. ते एक यंत्र ठरलेल्या वारी यायचं, "आहे" म्हणायचं आणि जायचं. कदाचित कुणाच्या तरी अडगळीत विसरलेलं, मालकाशिवाय आपोआप बोलणारं. कदाचित दुसऱ्या कुणा मुंगळ्याच्या कपाटाच्या पोटातलं.

नवीन पुडी बसवताना पडद्यावर एक सूचना दाखवता येते. त्यानं आपल्या जागेवरच्या पुढच्या पुडीत ती घातली. आधी मोठी लिहिली होती, मग खोडत खोडत एवढीच ठेवली: ही घडण आता मुख्य आवृत्तीत नाही. कुणी वापरत असेल तर दोन ओळी कळवाव्यात. खाली स्वतःचा पत्ता.

काही आलं नाही. तो एक-दोन आवश्यक पुड्या बांधायचा, बाकी वेळ खोलीत यंत्रं नुसतीच घरघरायची. एका संध्याकाळी त्यानं ट्रंक बंद केली. खोली जरा गार पडली, कपडे वाळायला उशीर होऊ लागला. नव्या घडणीबद्दल मुकादम बाईंना होकार कळवायला त्यानं दोनदा पान उघडलं आणि दोनदा मिटलं.

मग एका शनिवारी सकाळी उत्तर आलं. नमस्कार नव्हता, सही नव्हती.

"छापताना पानाची शेवटची ओळ अर्धी कापली जाते. मागच्या वर्षीपासून. त्याआधी होत नव्हतं. दुरुस्त करा."

मुंगळ्यानं ते वाचलं आणि त्याला आधी रागच आला. वर्षभर हा माणूस अर्ध्या ओळी छापतोय आणि तोंड उघडत नाही? तोंड शिवलं होतं का? मग त्यानं पुन्हा वाचलं. शेवटची ओळ कापली जाते म्हणजे पानाची लांबी मोजताना गोंधळ होतो, म्हणजे छपाईची लायब्ररी, म्हणजे मागच्या वर्षी त्यानंच बांधलेली पुडी. त्यानं विचारलं: प्रिंटर कोणता? कागद केवढा? उत्तर आलं ते फक्त प्रिंटरचं मॉडेल आणि कागदाचं माप. प्रिंटर यंत्राइतकाच जुना होता. घटकाभरानं आणखी एक ओळ आली: "सोमवारपर्यंत झालं तर बरं."

मुंगळा कपडे करून बाहेर पडला. बाजाराच्या मागच्या गल्लीत जुन्या मालाचं एक दुकान आहे, पंखे, रेडिओ, टंकलेखन यंत्रं एकमेकांवर रचलेली. दुकानदारानं त्याला तोंडभर हसून ओळख दिली. ट्रंकेचे सुटे भाग त्याच्याकडूनच यायचे.

"या, या. आज काय? आणखी एक कपाट?"

मुंगळ्यानं मॉडेल सांगितलं.

"बाप रे. ते कशाला हवंय आता?"

"एका माणसाची अडचण आहे."

"कोण माणूस?"

"माहीत नाही."

दुकानदारानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग मागच्या फळीवर चढून बराच वेळ खुडबुड केली आणि धुळीनं माखलेला, पेटाऱ्याएवढा एक प्रिंटर खाली उतरवला. तंतोतंत तो नव्हता, पण त्याचा चुलतभाऊ शोभेल असा होता. मुंगळ्यानं झाकण उघडून आतली चाकं बोटानं फिरवून पाहिली.

"शेवटची ओळ नीट छापतो का?"

"शेवटची?" दुकानदार म्हणाला. "पहिली छापली तरी पेढे वाटा."

मुंगळा हसला. आपण कधीचे हसलो नव्हतो हे त्याला गालांवरून कळलं. पेटारा दोरीनं बांधून घेऊन तो बसमध्ये चढला आणि मांडीवर घेऊन बसला. शेजारचा माणूस अंग चोरून सरकला. धूळ त्याच्या बाहीला लागत होती. मुंगळा मनात छपाईच्या लायब्ररीच्या ओळी आठवत होता, पानाची लांबी कुठे मोजली जाते, कुठल्या ओळीत मोजली जाते, आणि त्या नादात त्याचा थांबा मागे पडला. पुढच्या थांब्यावर उतरून तो उलट चालत आला. घरी कागद नाहीत हे त्याला वाटेत आठवलं, तेव्हा पेटारा दुसऱ्या कुशीला घेऊन तो कोपऱ्यावरच्या वह्या-कागदांच्या दुकानात शिरला.